घरच्या घरी इंग्रजी : ‘लेट’ हे क्रियापद



या खेपेस आपण एक अगदी लहान क्रियापद विचारासाठी घेऊ. एल, ई, टी या तीन अक्षरांचे ‘लेट’. ‘गाडी लेट आहे’ असे आपण म्हणतो, तो ‘लेट’ निराळा. त्याचा उच्चार लांब आहे. येथील उच्चार तोकडा, झटकन संपणारा.

या क्रियापदाचा मुख्य अर्थ ‘होऊ देणे’ असा होय. मराठीत हे काम ‘देणे’ करते : जाऊ देणे, बसू देणे. म्हणून ‘देणे’ म्हणजे ‘गिव्ह’ असे धरून ‘गिव्ह मी टु गो’ असे लिहिण्याचा मोह मुलांस होतो. ते सर्वथा अशुद्ध आहे. ‘लेट मी गो’, म्हणजे मला जाऊ द्या, हे शुद्ध. येथे ‘गो’च्या आधी ‘टु’ येत नाही. त्याच अर्थी ‘अलाउ’ योजिले, तर मात्र ‘टु’ हवाच : ‘अलाउ मी टु गो’.

भूतकाळी याचे रूप पालटत नाही. ‘ही लेट मी गो’ म्हणजे त्याने मला जाऊ दिले. ‘ही लेट्स मी गो’ म्हणजे तो मला जाऊ देतो. एका ‘स’काराने काळ बदलतो, हे ध्यानी ठेवावे.

आता एक गंमत पाहा. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा आपल्या भाषेतील सुंदर भेद इंग्रजीत नाही. त्यामुळे ‘लेट अस गो’ हे वाट अडविणाऱ्यास म्हटले, तर ‘आम्हांला जाऊ द्या’ असा अर्थ होतो. सोबत्यांस म्हटले, तर ‘आपण जाऊ या’ असा. इंग्रजी मिस्सात धर्मगुरू ‘लेट अस प्रे’ म्हणतात, तेव्हा ‘आपण प्रार्थना करू या’ असे ते सर्व भाविकांस आपल्यासह बोलावीत असतात.

घरावर ‘टु लेट’ अशी पाटी दिसली, तर ते घर भाड्याने देणे आहे, विकणे नव्हे.

पुढील प्रयोग मात्र मोठ्यांनीही नीट समजून घ्यावा. नोकरीच्या ठिकाणाहून ‘वुई हॅव टु लेट यू गो’ असे पत्र आले, तर वाचणाऱ्यास वाटेल की साहेबांनी घरी जाण्यास रजा दिली. तसे नाही. ‘आम्हांस तुम्हांला कामावरून कमी करावे लागत आहे’ असा त्याचा कठोर अर्थ आहे. शब्द तेवढे मऊ. शहरात वा परदेशी काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी अशा कागदावर सही करण्यापूर्वी तो जाणत्याकडून वाचून घ्यावा, आणि थकलेला पगार व हक्काची इतर देणी यांची विचारणा करावी.

शेवटी एक कोडे. भारताच्या पासपोर्टात राष्ट्रपतींच्या नावे जी विनंती छापलेली असते, तीत ‘विदाउट लेट ऑर हिन्ड्रन्स’ असे शब्द आहेत. येथे ‘लेट’ म्हणजे अडथळा! परवानगी आणि अडथळा एकाच शब्दात कसे? कारण असे की, जुन्या इंग्रजीत दोन निराळी क्रियापदे होती, एक ‘होऊ देणे’ या अर्थाचे आणि दुसरे ‘अडविणे’ या अर्थाचे. कालांतराने दोहोंचा उच्चार एकच झाला. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात, थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, हे क्रियापद ‘अडविणे’ याच अर्थी आले आहे. आज तो अर्थ पासपोर्टासारख्या ठरीव शब्दप्रयोगांतच उरला आहे. म्हणून जुना ग्रंथ किंवा सरकारी कागद वाचताना मागचापुढचा संदर्भ पाहूनच अर्थ लावावा.

मुलांनी या आठवड्यात ही तीन वाक्ये इंग्रजीत करावीत : आईने मला खेळू दिले. बाबा मला पोहू देतात. चला, आपण घरी जाऊ या. पालकांनी ‘टु’ कोठे डोकावत नाही ना, एवढे पाहावे.