गणवेश द्यायचा की फाटकावर अडवायचे?

चेंबूरचे आचार्य-मराठे महाविद्यालय आमच्या वाचकांना नवे नाही. गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, सिद्धार्थ कॉलनी या सगळ्या वस्त्यांतली मुले त्या परिसरातल्या महाविद्यालयांत शिकायला जातात. त्या महाविद्यालयाने २०२४ च्या उन्हाळ्यात फर्मान काढले की हिजाब, नकाब, बुरखा, स्टोल, टोपी, बिल्ला घालून कोणी आत यायचे नाही. नऊ मुली मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ रोजी त्यांची याचिका फेटाळली गेली. लगेच दुसऱ्या दिवसाच्या तारखेची दुसरी नोटीस निघाली. फाटक्या जीन्स, टी-शर्ट, जर्सी आणि अंगप्रदर्शन करणारे कपडेही बंद! म्हणजे पहिल्या नोटिशीच्या वेळी 'हा त्यांचा प्रश्न आहे' म्हणून जी मुले गप्प बसली होती, त्यांच्यातलीच कित्येक पुढच्या आठवड्यात टी-शर्ट घातला म्हणून फाटकाबाहेर उभी राहिली.

'हा मुसलमानांचा वाद, आपला त्याच्याशी काय संबंध?' असे आपल्यातलेही काही शहाणे विचारतात. त्यांनी पहिल्या नोटिशीतला एक शब्द पुन्हा वाचावा. बिल्ला! आज बंदी धर्माच्या नावाने आहे. उद्या १४ एप्रिलला छातीवर बाबासाहेबांचा बिल्ला लावून आलेला पोरगा त्याच कलमाखाली अडवला गेला तर आपण कोणत्या तोंडाने जाब विचारणार?

कर्नाटकातल्या आपल्या पोरांना हे आधी कळले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे हिजाबवाल्या मुलींच्या विरोधात भगव्या शाली घातलेली टोळकी कॉलेजात घुसवली गेली, तेव्हा चिक्कमगळूरच्या दलित विद्यार्थ्यांनी निळ्या शाली गळ्यात घातल्या आणि 'जय भीम'च्या घोषणा देत ते त्या मुलींच्या बाजूने उभे राहिले. त्यांना कोणी नेत्याने आदेश दिलेला नव्हता.

आता दुसरी बाजू. ती आम्ही टाळणार नाही, कारण ती बोलणारी माणसे आपलीच आहेत. निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतले अधिकारी, विहाराचे पदाधिकारी म्हणतात, "गणवेश म्हणजे समता. कलेक्टरचा मुलगा आणि झाडूवालीचा मुलगा एका रंगात बसतो. त्याला विरोध कशाला?" ही गोष्ट खरी आहे. आमच्या पिढीत ज्याच्याकडे एकच सदरा होता, त्याला गणवेशानेच वाचवले. रोज तोच सदरा घातला तरी कोणी हसत नसे, कारण सगळ्यांचा तोच होता. पण आम्हाला दुसरेही आठवते. शनिवारच्या कवायतीला पांढरे बूट नाहीत म्हणून आम्हाला रांगेतून बाहेर काढले जाई आणि घरी धाडले जाई. बूट नव्हते हा आमचा गुन्हा! घरी जाऊन ते कुठून आणायचे होते, हे त्या गुरुजींनी कधी विचारले नाही. तोच गणवेश एका हाताने झाकायचा आणि दुसऱ्या हाताने उघडे पाडायचा.

म्हणून गणवेश असावा की नसावा, या वादात आम्हाला रस नाही. कपड्याचा नियम पोराला वर्गात आणतो की वर्गाबाहेर काढतो, एवढेच आम्ही पाहतो. या देशात कपड्याचे नियम आपल्यासाठी कोणी आणि कशासाठी केले, हे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नोंदवून ठेवले आहे. इंदूर भागातल्या बलाईंना सवर्णांनी हुकूम सोडला होता की जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. तो मनुवाद्यांचा ड्रेसकोड होता आणि तो मोडला म्हणजे काय होई, हेही त्याच पुस्तकात आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना लुगडे नेसण्याची पद्धत बदला आणि जातीची ओळख सांगणारे ते जड दागिने टाका असे सांगितले, ते याच हुकुमाच्या विरोधात. आज ज्या घरांत पोरीच्या जीन्सवरून भांडण होते, त्या घरातल्या वडीलमंडळींनी महाडचे ते भाषण एकदा काढून वाचावे.

पण नुसत्या कपड्याने जात जाते का? 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधला मसूर स्टेशनचा प्रसंग वाचकांना माहीत आहे. १९०१ साल. लहान भीमराव आणि बरोबरची मुले वडिलांना भेटायला निघालेली. अंगात नवे विलायती कापडाचे सदरे, डोक्यावर झगमगीत टोप्या, रेशीमकाठी धोतरे. स्टेशनमास्तरला वाटले, ही ब्राह्मणांची मुले. तो आपुलकीने चौकशी करू लागला. 'आम्ही महार' हे शब्द तोंडातून निघाले मात्र, त्याचा चेहरा फिरला. कपडे तेच होते, पोरे तीच होती.

चेंबूरचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा महाविद्यालयाने सांगितले की विद्यार्थ्यांचा धर्म दिसू नये म्हणून हा नियम आहे. खंडपीठाने विचारले, मग नावावरून धर्म कळत नाही का? टिळा लावलेल्याला अडवाल का? ९ ऑगस्ट २०२४ रोजी हिजाब, टोपी आणि बिल्ला यांवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती मिळाली. वर्गात बुरख्याला मात्र मुभा दिली नाही. नावाचा तो प्रश्न आमच्या पोरांना रोजच्या हजेरीत भेटतो. आडनाव उच्चारल्यावर मास्तर क्षणभर थांबतो, ते कोणत्या गणवेशाने झाकायचे?

याचा अर्थ शाळेने कधीच काही बंद करू नये, असा नाही. तामिळनाडूत पोरे मनगटाला जातीच्या रंगाचे पट्टे बांधून शाळेत येतात आणि त्या रंगावरून टोळ्या पडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये नांगुनेरीत एका दलित विद्यार्थ्यावर शाळेतल्याच सवर्ण मुलांनी घरात घुसून कोयत्याने वार केले. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती चंद्रू समितीने जून २०२४ मध्ये असे पट्टे, अंगठ्या, कपाळावरच्या खुणा बंद करा, शाळांच्या नावातूनही जात काढा, अशी शिफारस केली. आम्ही तिच्या बाजूने आहोत. मनगटावरचा तो पट्टा दुसऱ्याला धमकावण्यासाठी असतो. डोक्यावर रुमाल बांधलेली मुलगी कोणाला धमकावते? तिला फाटकावरून परत पाठवले तर ती दुसऱ्या कॉलेजात जाईलच असे नाही, ती घरीही बसू शकते. कर्नाटकच्या खटल्यात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली, त्यात न्यायमूर्ती धुलिया यांनी मुलीच्या शिक्षणाचाच मुद्दा धरला होता. बुरखा असावा असे आमचे मत नाही. पण तो काढण्याचा निर्णय तिने शिकून घ्यावा, शिपायाने फाटकावर नव्हे.

आणि ज्यांना गणवेशाचा एवढा पुळका आहे त्या सरकारने स्वतः काय दिवे लावले? सरकारी शाळांत पहिली ते आठवीच्या पोरांना दोन गणवेशांसाठी वर्षाला ६०० रुपये येत. ते शाळा व्यवस्थापन समितीकडे येत आणि समिती गावातच कापड घेऊन शिवून घेई. शिक्षणहक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, दुर्बल घटकांच्या पालकांनाही जागा असते. म्हणजे आपल्या मोलमजुरी करणाऱ्या बाईला सही करण्याचा अधिकार असलेली ही एक सरकारी खुर्ची. मे २०२३ मध्ये तत्कालीन मंत्री केसरकर यांनी 'एक राज्य, एक गणवेश' जाहीर केले, आणि २०२४-२५ ला कापडखरेदी थेट राज्य पातळीवर नेली. शिलाई बचतगटांच्या बायकांवर टाकली, एका गणवेशाला १०० रुपये आणि वर १० रुपये. परिणाम काय झाला? १५ ऑगस्ट २०२४ ला कित्येक शाळांतली पोरे जुन्याच कपड्यांत झेंडावंदनाला उभी होती. ज्यांना मिळाले त्यांचे कुणाचे ढगळ, कुणाचे तोकडे. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि खरेदी पुन्हा समित्यांकडे दिली. त्या वर्षी जे पोरगे गणवेशाविना हिंडले, त्याची चौकशी झाल्याचे आमच्या वाचनात नाही.

अधिकार परत आला आहे, तर तो वापरायला हवा. समितीचा अध्यक्ष पालकांतूनच निवडला जातो. आपल्या वस्तीतल्या किती आयांना आपण सदस्य आहोत हे माहीत आहे? अनेक ठिकाणी सह्या घरपोच घेतल्या जातात आणि सभा कागदावर होते. जून उजाडायच्या आत शाखांनी आपापल्या शाळेत जाऊन सभेची तारीख विचारावी. सभेत कापड कोणाकडून, शिलाई किती, वाटप कोणत्या तारखेला, हे इतिवृत्तात लिहून घ्यावे. आणि गणवेश, बूट किंवा टाय नाही म्हणून एकाही मुलाला घरी पाठवले जाणार नाही, हा ठराव त्याच वहीत, त्याच दिवशी, मुख्याध्यापकांच्या सहीने करून घ्यावा.