गवंड्याची झोप

बेळगावच्या सीमाभागातल्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात एकदा का मिरगाचा पाऊस लागला, की बांधकामं थांबतात. गवंडी, सेंटरिंगवाले, रंगारी, चिरेखाणीवर हातकाम करणारे असे स्वतःच्या हिमतीवर रोजचं काम मिळवणारे लोक तेव्हा घरी बसतात किंवा चोर्ला घाट उतरून गोव्यात काही मिळतं का ते पाहतात. त्यांच्याविषयी एक समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे. ताण, चिंता ही बसून काम करणाऱ्यांची दुखणी. जो दिवसभर राबतो त्याचं अंग टेकलं की त्याला झोप लागते. हे वाक्य कष्टाचा गौरव म्हणून उच्चारलं जातं. माझ्या मते ते खोटं तर आहेच, शिवाय घातकही आहे. कारण झोप न लागणाऱ्या गवंड्याला त्यामुळे स्वतःचीच लाज वाटू लागते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2021च्या अहवालात देशभरातल्या 1,64,033 आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत 42,004 जण रोजंदारीवरचे होते, म्हणजे दर चारांत एकाहून थोडे अधिक. स्वयंरोजगार करणारे आणखी 20,231. रोजंदारीवर जगणाऱ्यांची संख्याच मोठी आहे, त्यामुळे एवढ्यावरून प्रत्येकाचं कारण काढता येणार नाही, हे मान्य. पण श्रमाने मनाचं रक्षण होतं असं म्हणणाऱ्यांना हे आकडे बाजूला सारता येणार नाहीत. व्यायामाने मन हलकं होतं, मग घमेली वाहून का होणार नाही, असंही विचारलं जातं. शरीरश्रम आणि मनःस्वास्थ्य यांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासणारा एक आढावा 2017मध्ये प्रसिद्ध झाला. फावल्या वेळच्या हालचालीचा संबंध बऱ्या मनःस्थितीशी दिसला, तर कामावरच्या शरीरश्रमाचा संबंध मानसिक त्रासाशी. यात नवल नाही. फिरायला गेलेला माणूस दमला की परत फिरतो. परांचीवर उभा असलेला गवंडी कंबर धरली तरी स्लॅब पुरा होईपर्यंत खाली उतरू शकत नाही.

मग ही चिंता येते कुठून? बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात ईएसआय लागू असलेला कामगार आजारी पडला, तर त्याला वर्षातून 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. तसंच अंग मोडून काम करणारा स्वतंत्र गवंडी पडला, तर त्याच दिवसापासून आवक शून्य. त्याचं भांडवल म्हणजे त्याचा खांदा आणि गुडघा. ते झिजताना त्याला रोज दिसतं. त्यात काम गुत्त्याने घेतलेलं असतं. सिमेंट महागलं, पाऊस लवकर आला, तर तोटा त्याचा. काम संपल्यावरही घरमालकाकडची बाकी महिनोन्‌महिने निघत नाही, आणि हाताखालच्या गड्यांची हजेरी मात्र शनिवारी चुकवावीच लागते. या अडकलेल्या पैशाचा मनावर काय परिणाम होतो, हे ओडिशातल्या एका प्रयोगातून स्पष्ट झालं. पत्रावळ्या तयार करणाऱ्या, नगावर मजुरी मिळणाऱ्या कामगारांपैकी काहींना त्यांच्याच कमाईचा एक भाग थोडा आधी दिला. दर वाढवला नव्हता. तरीही त्यांचं उत्पादन सहा-सात टक्क्यांनी वाढलं आणि हातून होणाऱ्या चुका कमी झाल्या. देण्यांचा विचार डोक्यातून उतरला, तेवढं लक्ष हाताकडे परतलं. उंचावर काम करणाऱ्यासाठी लक्ष म्हणजे जीव, हे वेगळं सांगायला नको.

तो स्वतःच्या मर्जीचा मालक आहे, हा आक्षेप यावर हमखास येतो. किती वाजता थापी हातात घ्यायची, एवढी मर्जी त्याची खरी. पाऊस, दर आणि वसुली त्याच्या मर्जीत नाहीत, आणि चिंता नेमकी या तिन्हींची असते. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा: पैसा आला की तो दारूत जाणार. ओडिशात आधी मिळालेल्या पैशांतून लोकांनी देणी फेडली आणि घरात किराणा भरला. दारूचा प्रश्न खोटा नाही. चेन्नईतल्या सायकलरिक्षावाल्यांच्या अभ्यासात कमी पिण्याला उत्तेजन दिल्यावर बचत वाढलेली दिसली. पण ठणकणाऱ्या अंगाला आणि जाग्या रात्रीला दुसरा उतारा न देता नुसती निंदा करणं म्हणजे उपाय नव्हे.

उपाय चिंता जिथे उगवते तिथून सुरू व्हायला हवा. गुत्तं ठरवतानाच पाया, जोतं, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांवर पैसे कागदावर लिहून घ्यावेत. ओळखीचा मालक आहे म्हणून तोंडी बोलावर राहू नये. पिग्मीची, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीची, सवय या भागात जुनी आहे. 1928मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने रोज दोन आण्यांपासून ती सुरू केली, तीच मुळी रोजच्या कमाईवर जगणाऱ्यांसाठी. ती पिग्मी लग्नासाठी न राखता मे अखेरीस सुटेल अशी ठेवली, तर आषाढातली चूल तिच्यावर चालेल. पण सगळा भार एकट्याच्या काटकसरीवर टाकणं अन्यायाचं आहे. बांधकाम कामगारांसाठी 1996मध्ये कायदा झाला. 18 ते 60 वयाच्या, वर्षात 90 दिवस काम केलेल्या माणसाला कल्याण मंडळात नोंदणी मिळते. एका घरी आठ दिवस, दुसऱ्या घरी पंधरा अशा माणसाला त्या 90 दिवसांच्या दाखल्यासाठी दारोदार फिरवू नये, एवढं तरी ग्रामपंचायतीने पाहावं. ठरलेला मालक नसलेल्यालाही संरक्षण देता येतं, हे निपाणीपलीकडे महाराष्ट्रात 1969च्या माथाडी कायद्याने दाखवून दिलं आहे.

पैशाची घडी बसली की सगळं बरं होईल, असा माझा दावा नाही. काहींची चिंता आजाराच्या पायरीला पोचलेली असते आणि तिला औषध व समुपदेशनच लागतं. जिल्हा पातळीवर मनाचे उपचार खेड्यांपर्यंत नेण्याचा देशातला आद्य प्रयोग 1980च्या दशकात याच कर्नाटकात, बळ्ळारीत झाला. आज 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतूनही. सीमाभागात हे महत्त्वाचं आहे. अर्ज, दाखले माणूस कन्नडात कसेबसे निभावून नेतो. छातीतली धडधड मात्र त्याला आपल्याच बोलीत सांगता येते. तो दवाखान्यात जाऊन ‘चिंता वाटते’ असं म्हणत नाही. डोकं भणभणतं, हातपाय गळतात, पहाटे तीनला जाग येते, एवढंच सांगतो आणि दुखण्याच्या गोळ्या घेऊन परततो. बाकी किती अडकली आहे आणि झोप किती लागते, हे दोन प्रश्न त्याच खोलीत त्याला विचारले गेले पाहिजेत.