घर चालणाऱ्याने निवडावं

हल्ली भारतातून फोन आला की तब्येतीची चौकशी होते, पावसाची होते आणि मग तिसरा प्रश्न ठरलेला असतो. "अहो, आमचा मुलगा मिसिसागात तळ्याकाठी कंडो बघतोय. आम्हीही पुढेमागे तिकडेच यायचं म्हणतोय. कसा आहे हो तो भाग?" वर्षभरात असे पाच-सहा फोन झाले. फोनवर सगळं सांगून होत नाही. सांगितलं तरी शेवटी "हो का? पण फोटो फार सुंदर आहेत हो!" इथे गाडी अडते. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. ज्या घरात साठी-सत्तरीची माणसं दिवसभर राहणार आहेत, ते घर गाडी चालवणाऱ्याने निवडू नये. पायी चालणाऱ्याने निवडावं.

आता कारणं.

आधी ते तळं. कंडो म्हणजे आपला सोसायटीतला फ्लॅट, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तळं म्हटलं की डोळ्यांसमोर रंकाळा नाहीतर ठाण्याची तलावपाळी येते, तसं इथे काही नाही. लेक ऑन्टारिओ हे इथल्या पाच मोठ्या सरोवरांत क्षेत्रफळाने सगळ्यांत लहान, तरी ते १९,००० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. आपला अख्खा पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटरचा. म्हणजे आंबेगावपासून इंदापूरपर्यंत सगळा जिल्हा त्यात बुडून वर जागा उरेल! खोली जास्तीत जास्त २४४ मीटर. एवढं खोल असल्यामुळे ते हिवाळ्यातही सहसा पूर्ण गोठत नाही.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. पाणी उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, म्हणून खारे वारे आणि मतलई वारे, हे इतकी वर्षं फळ्यावर काढून दाखवलं. इथे मीठ वगळून तेच सगळं आहे. मे महिन्यात पाच-सहा किलोमीटर आत लोक अर्ध्या बाह्यांत फिरतात आणि काठावर स्वेटर लागतो. ऑक्टोबरात उलट, काठावर थंडी जरा उशिराने येते. हा झाला फायदा. पण फेब्रुवारीत पाण्यावरून वारा सुटला की काठावरच्या रस्त्यावर दहा मिनिटं उभं राहणं कठीण होतं. घर दाखवणारे एजंट बहुधा जूनमध्ये नेतात. जूनमध्ये काय, सगळंच सुंदर दिसतं!

दुसरी गोष्ट दृश्याची. बाल्कनीतून दिसणारं तळं खरेदीखतात लिहिलेलं नसतं. पोर्ट क्रेडिटचंच उदाहरण घ्या. क्रेडिट नदी जिथे सरोवराला मिळते तिथलं हे जुनं बंदराचं गाव १९७४ मध्ये मिसिसागा शहरात सामील झालं. आज तिथे कॉफीची दुकानं, होड्या आणि दीपगृह दिसतं म्हणून ते पहिल्यापासून असंच होतं असं वाटतं. पण इथे मक्यापासून स्टार्च काढण्याचा मोठा कारखाना होता, तो १९९० मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागेवर घरं झाली. पश्चिमेला तेलशुद्धीकरण कारखाना होता. त्याच्या ७२ एकर मोकळ्या जमिनीवर आता नवी वस्ती उभी राहते आहे. पूर्वेला लेकव्ह्यूच्या कोळशाच्या वीजकेंद्राची चार धुरांडी होती, लोक त्यांना 'चार बहिणी' म्हणत. ती २००६ मध्ये पाडली. तिथेही नवं गाव वसवायचं काम चाललं आहे. म्हणजे ज्याच्यासमोर काल धुरांडं होतं त्याच्यासमोर आज आकाश आहे आणि उद्या दुसऱ्या कुणाचा पंचविसावा मजला असेल. दृश्यासाठी जास्त पैसे देणाऱ्याने समोरच्या मोकळ्या जागेवर काय मंजूर झालंय ते महापालिकेत विचारावं. ती माहिती मिळते, विचारणारे मात्र कमी.

आमच्या घराच्या वेळची गोष्ट सांगते. मुलाने शोधून शेवटी दोन घरं समोर ठेवली होती. एक बाविसाव्या मजल्यावर, दिवाणखान्याच्या काचेत मावणार नाही एवढं सरोवर. पण किराणा आणि बस दोन्ही वीस मिनिटांवर, मध्ये एक मोठा चौक. दुसरं आतल्या गल्लीत, सातव्या मजल्यावर. खिडकीतून पार्किंग आणि मेपलची दोन झाडं. बसचा थांबा दारात, दूध-भाजी पाच मिनिटांवर, रेल्वे स्टेशन दहा-बारा मिनिटांवर. दर्शनी भाग अगदीच साधा.

मुलगा म्हणाला, "आई, रोज सकाळी चहा पिताना समोर लेक दिसेल गं!"

मी म्हटलं, "चहाला पंधरा मिनिटं लागतात रे. उरलेला दिवस काय करू?"

तो हसला, पण पटलं नव्हतं. मग हे हातात घड्याळ घेऊन दोन्हीकडून चालून आले. फेब्रुवारी महिना, उणे नऊ तापमान, पायात बर्फाचे बूट. पहिल्या घरापासून किराण्याच्या दुकानापर्यंत यांना एकतीस मिनिटं लागली, फोनवरच्या नकाशाने एकोणीस सांगितली होती. नकाशाच्या गुडघ्यांना सत्त्याहत्तर वर्षं झालेली नसतात. आम्ही दुसरं घर घेतलं.

हे मी फुशारकीने सांगत नाही. आमच्या ओळखीचे एक काका-काकू आहेत, त्यांच्याकडे पाहून हे सांगावंसं वाटतं. त्यांच्या मुलाने अगदी काठावरची जागा घेतली. आल्यागेल्याने "वा!" म्हणावं अशी. काकू भारतात एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. सातशे मुलं आणि वीस शिक्षक एका नजरेत ठेवणारी बाई. आज त्यांना कोथिंबीर हवी असेल तर मुलाला सांगावं लागतं. मुलगा फार चांगला आहे, कधी नाही म्हणत नाही, शनिवारी सगळं आणून देतो. पण काकू मला म्हणाल्या, "अगं, तो आणतो गं, पण मी आता मागायचंच सोडलंय. कोथिंबिरीशिवाय करते." हे ऐकल्यापासून मला फोटो दाखवणाऱ्या लोकांशी गोड बोलणं जमत नाही. मागावं लागू नये म्हणून आपण आयुष्यभर नोकऱ्या केल्या. म्हातारपणी पत्ता चुकीचा निवडल्यामुळे ते मागणं परत यावं, हे काही बरोबर नाही.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा गाडी लांब लावा आणि पुढच्या गोष्टी पायी करून बघा. दूध, औषधाचं दुकान, ग्रंथालय, बसथांबा. वाटेत बसायला बाक आहे का? फूटपाथवरचा बर्फ कोण काढतं, महापालिका की कुणीच नाही? सिग्नल बदलायच्या आत रस्ता ओलांडून होतो का? भारतीय वाणसामान तळ्याकाठी फारसं मिळत नाही, त्यासाठी वर डंडास रस्त्याकडे जावं लागतं. मग तिकडे एकाच बसने जाता येतं का? ट्रिलियमचं मिसिसागा हॉस्पिटल हुरॉन्टारिओ रस्त्यालगत आहे, म्हणून त्या रस्त्याची बस जवळ असणं मोलाचं. जवळचा फॅमिली डॉक्टर नवे पेशंट घेतो का, हे तर घर घ्यायच्या आधीच फोन करून विचारा. इथे तो मिळणं सोपं नाही.

आणि एक. होणाऱ्या गाडीवर भरवसा ठेवून घर घेऊ नका, धावणाऱ्या गाडीवर ठेवा. पोर्ट क्रेडिट स्टेशनपासून ब्रॅम्प्टनपर्यंत १८ किलोमीटरची, १९ थांब्यांची नवी रेल्वे बांधायला २०२० मध्ये सुरुवात झाली. छत्तीस वर्षं महापौर असलेल्या हेझल मॅकॅलियन बाईंचं नाव तिला दिलं आहे. ती २०२४ मध्ये धावणार म्हणून कितीतरी जाहिरातींत छापलं होतं. २०२४ उलटलं तरी धावली नव्हती. तरुणांचं ठीक आहे, त्यांच्याकडे वर्षं भरपूर असतात. याच कारणाने सत्तरीच्या माणसाने नुसत्या नकाशावरची इमारतही घेऊ नये. बिल्डरकडून नवीन घर घेताना ऑन्टारिओत करार रद्द करायला १० दिवस मिळतात हे खरं, पण ताबा किती वर्षं लांबेल ते त्या १० दिवसांत कळत नाही.

आता कागद. घर पाहावं बांधून म्हणतात, इथे मी म्हणेन घर पाहावं वाचून. ऑन्टारिओत जुना कंडो घेताना 'स्टेटस सर्टिफिकेट' मागता येतं. कायद्याप्रमाणे १०० डॉलरपर्यंत फी, आणि सोसायटीने ते १० दिवसांत द्यायचं. त्यात मेंटेनन्स किती, आधीच्या मालकाची थकबाकी किती, कोर्टकचेऱ्या चालू आहेत का, राखीव निधीत किती शिल्लक आहे, हे सगळं असतं. राखीव निधी म्हणजे आपला सिंकिंग फंड. छप्पर, लिफ्ट, बॉयलर, पार्किंगची गळती यांसाठी. त्याचा अभ्यास दर तीन वर्षांनी नव्याने करावा लागतो. तो अपुरा असेल आणि मोठी दुरुस्ती निघाली तर सगळ्या सभासदांवर जादा वर्गणी बसते, आणि ती दहा-वीस हजार डॉलरही असू शकते. पेन्शनीत राहणाऱ्याने ती कुठून आणायची?

म्हणून कमी मेंटेनन्स पाहून हुरळून जाऊ नये. समजा घर ६५० चौरस फुटांचं आणि मेंटेनन्स फुटाला ८० सेंट, तर महिन्याला ५२० डॉलर झाले. शेजारच्या इमारतीत ३५० असतील तर आधी विचारा, निधीत भर कुठून पडते? काही इमारती वर्षानुवर्षं वर्गणी वाढवत नाहीत आणि मग एकदम दणका देतात. आपल्या सोसायट्यांच्या वार्षिक सभांना बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको! १९९५ ते २००७ च्या दरम्यान बांधलेली इमारत असेल तर नळाचे पाइप किटेकचे आहेत का, तेही विचारा. ते लवकर निकामी होतात म्हणून खटले झाले आहेत, आणि बदलायचा खर्च मालकावर येतो. हे सर्टिफिकेट वकिलाकडून वाचून घ्यावं आणि 'वाचून समाधान झालं तरच' ही अट ऑफरमध्ये घालावी. एजंट म्हणतो, अट घातली तर घर हातचं जाईल. जाऊ दे की.

पैशाच्या दोन गोष्टी थोडक्यात. एटोबिको क्रीक नावाच्या ओढ्याच्या पूर्वेला टोरांटो, पश्चिमेला मिसिसागा. तळं तेच, वारा तोच. पण टोरांटोत प्रांताच्या हस्तांतरण कराशिवाय शहराचा वेगळा कर २००८ पासून आहे, मिसिसागात तो नाही. आणि जे पालक सुपर व्हिसावर येतात त्यांनी लक्षात ठेवावं की २०२३ च्या जानेवारीपासून, काही अपवाद सोडता, नागरिक किंवा पर्मनंट रेसिडेंट नसलेल्यांना शहरी भागात घर विकत घेता येत नाही. ही बंदी १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवलेली आहे. तेव्हा सांगलीचा फ्लॅट विकून इकडे पैसे पाठवायच्या आधी वकिलाला विचारा, मेव्हण्याला नको.

शेजाराबद्दल लोक विचारतात, "तिथे मराठी माणसं आहेत का?" आहेत. पण नुसत्या आडनावावरून शेजार ठरत नाही. इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये अर्धा तास बसून बघा. लोक थांबून बोलतात, की मान खाली घालून लिफ्टकडे जातात? आमच्या मजल्यावर एक पोर्तुगीज आजी आहेत. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं, माझंही मराठी माध्यमातलं बी.ए.चं इंग्रजी. आमचं छान जमतं.

आता तरुण मंडळी म्हणतील, मग तळ्याकाठी यायचंच कशाला? त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. दृश्य असलेलं घर विकताना बरा भाव येतो, आणि सुंदर जागेने मनाला उभारी येते हेही खरं. पण काठ सगळ्यांचा आहे. सरोवराच्या कडेने पायवाट आहे, बागा आहेत, फुकट आहेत. घर आत असलं तरी मला चालत तिथे जाता येतं. शरदात क्रेडिट नदीत सॅमन मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, तेव्हा पुलावर माणसांची गर्दी होते. बाविसाव्या मजल्यावरून ते दिसत नाहीत. त्यासाठी खाली उतरून, चालत जाऊन कठड्यावर वाकावं लागतं.

असो. फार लांबलं. मुलांनी घर जरूर शोधावं. कर्ज, वकील, कागद ही धावपळ त्यांनीच करावी, आपल्याच्याने ती होत नाही. पण शेवटचा होकार ज्याला तिथे मंगळवारी सकाळी अकरा वाजता एकट्याने राहायचं आहे त्याचा असावा. आणि आईबाबांनीही "तुम्हाला आवडेल ते घ्या रे" म्हणून मोकळं होऊ नये. तसं म्हणणं म्हणजे समजूतदारपणा असं आपल्याला वाटतं, पण त्याने मुलांचीच पंचाईत होते. काय हवं ते स्पष्ट सांगा. भाजी पाच मिनिटांवर, बस दारात, वाटेत एक बाक. एवढंच मागितलं तर कुणाचं कर्ज वाढत नाही, झालं तर कमीच होईल.