थंडीत बुलेट रुसली तर

जुनी ३५० सी.सी. बुलेट थंडीत हमखास रुसते. मागच्या डिसेंबरात लेकीला परीक्षा केंद्रावर सोडायचे होते आणि आम्ही किकवर किक मारीत घामाघूम. त्यात एक किक उलटी बसली. घोटा आठ दिवस सुजलेला. चूक आमच्या घाईची.

गार इंजिनात पेट्रोलची वाफ लवकर होत नाही, म्हणून चोक लावावा. चावी बंद ठेवून दोन-तीन किका सावकाश द्याव्यात. मग चावी लावावी. किक हळू दाबत जावी; जड लागली की डीकॉम्प्रेसर ओढून अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंतच पुढे न्यावी. आता डीकॉम्प्रेसर सोडावा, किक वर येऊ द्यावी आणि अंगाचा भार टाकून एकच पूर्ण किक मारावी. अॅक्सिलरेटर पिळू नये. ही खोड आम्हालाही होती.

तरीही नाही? प्लग काढून बघावा. ओला असला तर पेट्रोल जास्त झाले आहे. प्लग पुसावा, चोक काढावा, चावी बंद करून अॅक्सिलरेटर पूर्ण उघडावा व पाच-सहा किका माराव्यात. कोरडा असला तर कॉक नि जेट तपासावेत. ठिणगी पिवळट, अशक्त दिसली तर पॉइंट साफ करून गॅप साधारण ०.३५ ते ०.४० मि.मी. ठेवावा.

आमचा गॅप जवळजवळ बुजलेला निघाला, पण ते कळले संध्याकाळी. लेक सकाळीच रिक्षाने गेली होती.