जुन्या ‘मसल कार’ आणि धुराचा वाद

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळात २०२५ च्या ऑगस्टमध्ये एक विधेयक समितीच्या उंबरठ्यावरच अडले. ‘एसबी ७१२’ हा त्याचा क्रमांक. पण ते ओळखले गेले ‘लेनोचा कायदा’ या नावाने. दूरचित्रवाणीवरील विनोदवीर आणि जुन्या मोटारींचे नामवंत संग्राहक जे लेनो यांनी त्याच्या बाजूने साक्ष दिली होती. ३५ वर्षांहून जुन्या संग्राह्य मोटारींना दर दोन वर्षांनी होणाऱ्या धूरतपासणीतून पूर्ण सूट मिळावी, ही त्यातील मागणी. सिनेटने मंजूर केलेले हे विधेयक असेंब्लीच्या वित्तविषयक समितीने रोखून धरले आणि मोटारशौकिनांत संतापाची लाट उसळली. आमच्या ‘मसल कार’ आता भंगारात जाणार, असा त्यांचा सूर होता.

हा सूर कितपत खरा, हे तपासायचे तर मुळापर्यंत जायला हवे. ‘मसल कार’ म्हणजे मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या मोटारीत अजस्र मोटारीचे इंजिन. तिचा जन्मच मुळी नियमाला बगल देऊन झाला. मध्यम आकाराच्या मोटारीत ३३० घनइंचांहून, म्हणजे सुमारे ५.४ लिटरहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक होता. जॉन डीलोरियन मुख्य अभियंता असलेल्या पाँटियाक विभागाने १९६४ साली ३८९ घनइंचांचे, सुमारे ६.४ लिटरचे इंजिन ‘ऐच्छिक साहित्य’ म्हणून आपल्या टेम्पेस्ट मालिकेत देऊ केले. तीच ‘जीटीओ’. पाठोपाठ शेव्हेल, चार्जर, रोड रनर आल्या. मात्र १९७० चा स्वच्छ हवा कायदा, विम्याचे भडकलेले हप्ते आणि १९७३ ची तेलबंदी यांनी दहा वर्षांत हा खेळ आटोपला.

इथेच पहिला मुद्दा निघतो. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मोटारींना धूरतपासणी आधीपासूनच माफ आहे. म्हणजे ज्या सुवर्णकाळाच्या नावाने गळा काढला जातो, त्यातील एकाही मोटारीला या विधेयकाने काही मिळणार नव्हते आणि ते अडल्याने काही गमावलेलेही नाही. प्रश्न आहे तो १९७६ नंतरच्या, ‘स्मोकी अँड द बँडिट’ या चित्रपटाने अजरामर केलेल्या ट्रान्स ॲमसारख्या मोटारींचा. त्यांनाही ३५ वर्षे उलटल्यावर आणि संग्राहक म्हणून विमा उतरवल्यावर मूळ प्रदूषणनियंत्रक भाग जागेवर आहेत की नाहीत, या तपासणीतून सूट मिळू शकते. बाहेर पडणारा धूर मात्र त्या मोटारीच्या स्वतःच्या सालासाठी ठरलेल्या मर्यादेत असावा लागतो. तेव्हा वाद उरतो तो एवढ्या एका कसोटीपुरता.

ही कसोटी जाचक आहे काय? मालकांचा युक्तिवाद असा, की या मोटारी वर्षाकाठी धावतात ती मोजकी अंतरे. त्यांच्या धुराने लॉस एंजेलिसची हवा बिघडत नाही. यात तथ्य आहे. पण जुन्या इंजिनाचा प्रत्येक किलोमीटरमागचा धूर आजच्या इंजिनाच्या कितीतरी पट असतो, हेही तितकेच खरे. शिवाय नीट दुरुस्त केलेले इंजिन आपल्या सालाची मर्यादा पाळू शकते. न पाळणारे इंजिन बहुधा नीट जमलेलेच नसते.

आणि ‘नीट जमणे’ हीच आजची खरी अडचण आहे. पैसा असला की सुटे भाग मिळतात. पहिल्या कॅमॅरोचा किंवा जुन्या मस्टँगचा अख्खा सांगाडासुद्धा नव्याने घडवलेला विकत घेता येतो. मिशिगनसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाने तळाचा पत्रा कुजतो. तो कापून नवा जोडणे हे कष्टाचे असले तरी ठाऊक असलेले काम. खरा कस लागतो तो इंजिनाशी. ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलसाठी घडवलेली. शिसे व्हॉल्व्हच्या बैठकींचे रक्षण करी. १९९६ पासून रस्त्यावरील मोटारींसाठी असे पेट्रोल अमेरिकेत बंद झाले, त्यामुळे कठीण धातूच्या बैठकी बसवाव्या लागतात. आजच्या पेट्रोलमधील इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे पडदे खाते. चार नळकांडी की आठ, हे कानाने ओळखणारा आणि कार्ब्युरेटर हाताने जमवणारा कारागीर वयोवृद्ध होत चालला आहे. त्याची जागा घेणारा तरुण संगणक जोडून दोष शोधायला शिकला आहे. इथे संगणक जोडायला जागाच नाही.

दुसरा पेच अस्सलपणाचा. १९६४ आणि १९६५ ची जीटीओ हा केवळ ऐच्छिक संच असल्याने सांगाड्यावरील क्रमांकावरून ती अस्सल की साधी ल माँ, हे कळतच नाही. कारखान्याच्या जुन्या नोंदींचा आधार घ्यावा लागतो. ‘बुलिट’ चित्रपटातील मस्टँग २०२० च्या जानेवारीत लिलावात ३४ लाख डॉलर बोलीवर गेली, ती कधीच नव्यासारखी न केलेली, डागांसह जपलेली होती. याउलट जुन्या सांगाड्यात नवे इंजिन आणि डिस्क ब्रेक बसवणारा पंथही बळावतो आहे. त्याला हसण्याचे कारण नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली, लिटरला जेमतेम चार-पाच किलोमीटर देणारी ही मोटार उतारावर दोनदा जोराने थांबवली, की तिसऱ्यांदा पाय दाबताना चालकाला देव आठवतो.

नव्या मोटारींनीही ही पोकळी भरलेली नाही. डॉजने व्ही-८ इंजिनाची चॅलेंजर २०२३ च्या डिसेंबरमध्ये थांबवली; शेव्हरोलेने कॅमॅरोही त्याच महिन्यात. २०२४ मध्ये आलेल्या विजेवरच्या चार्जरला तर धडधडीचा आवाज कृत्रिमरीत्या द्यावा लागला.

आपल्याकडे केंद्राने २०२१ साली नियम करून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली आणि नियमित वापरास मनाई केली. म्हणजे आपण अस्सलपणा जपला, चालवणे आवळले. कॅलिफोर्निया चालवू देते. धूर तेवढा मोजते. दोहोंत दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण उभी राहिलेली मोटार गंजते आणि तिच्याबरोबर ती दुरुस्त करण्याची विद्याही.

मोटारशौकिनांनी कसोटी रद्द करण्यासाठी लावलेला जोर कारागीर घडवण्यासाठी लावला, तर कसोटीची भीती उरणार नाही. डेट्रॉईटलगतच्या वुडवर्ड मार्गावर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये या मोटारींची जत्रा भरते. ती आणखी ३० वर्षांनी भरेल काय, याचे उत्तर विधिमंडळापेक्षा गॅरेजमध्येच मिळेल.