घोडा कां अडला?

भाकरी कां करपली, विड्याचें पान कां सडलें आणि घोडा कां अडला, ह्या तिन्ही प्रश्नांस मिळून एकच उत्तर द्या, असें कूट घातलें असतां आमच्या घरांतील लहान मूलही 'न फिरविल्यामुळें' असें तत्काळ सांगतें. ह्या उत्तरांत एक गोष्ट गृहीत आहे. दोष भाकरीचा नव्हे, पानाचा नव्हे, तसा घोड्याचाही नव्हे. फिरविण्याचें काम ज्याच्याकडे होतें त्याचा तो दोष. एवढी साधी गोष्ट मोठमोठ्या क्रीडामंडळांस शतकभर कळूं नये, आणि अखेर कळली तीही उलटी कळावी, ह्याचें आम्हांस नवल वाटतें. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

ता. ६ ऑगस्ट २०२१ रोजीं टोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांच्या मॉडर्न पेंटॅथलॉनची, म्हणजे पांच खेळांच्या एकत्र स्पर्धेची, अखेरची झुंज चालू होती. तलवारबाजी व पोहणें आटोपलें तेव्हां जर्मनीच्या आनिका श्लॉय सर्वांच्या पुढें होत्या. पुढची पायरी घोड्यावरून अडथळे ओलांडण्याची. ह्या खेळाचा तेव्हांचा नियम असा कीं, स्पर्धकानें स्वतःचा घोडा आणावयाचा नाहीं. चिठ्ठी टाकून जो वांट्यास येईल त्यावर बसावयाचें, आणि ओळख करून घेण्यास अवधि अवघा २० मिनिटांचा. श्लॉय ह्यांच्या वांट्यास सेंट बॉय नांवाचा घोडा आला. तोच घोडा त्याच दिवशीं दुसऱ्या एका स्पर्धक बाईंच्या हातीं वारंवार अडला होता. तो पुन्हां अडला. बाई रडूं लागल्या. चाबूक चालला, टाचा चालल्या. त्यांच्या शिक्षिका किम राइस्नर ह्या बाहेरून 'मारा' म्हणून ओरडत होत्या, आणि त्यांनीं स्वतःही घोड्यास एक ठोसा लगावला. हातचें सुवर्णपदक गेलें, श्लॉय ३१ व्या आल्या, आणि राइस्नर ह्यांस उरलेल्या सामन्यांतून काढण्यांत आलें.

ह्यावर दोन पक्ष पडले. एकानें घोड्यास अडेल ठरविलें, दुसऱ्यानें स्वार बाईंस क्रूर ठरविलें. आमच्या मतें दोघांचेंही लक्ष भलतीकडेच गेलें. खरा आरोपी तो २० मिनिटांचा नियम होय.

घोडा हें मुळांत पळून जीव वांचविणारें जनावर आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस. त्यामुळें आसपासचें पुष्कळ दिसतें, पण कपाळाच्या अगदी पुढ्यांतलें दिसत नाहीं. उडी घेण्याच्या ऐन क्षणीं समोरचा अडथळा त्याला नीट दिसेनासा होतो. त्या क्षणीं तो उडतो तो पाठीवरच्या माणसाच्या भरंवशावर. तो माणूस थरथरत असेल, त्याच्या मांड्या आवळल्या असतील, लगामास हिसके बसत असतील, तर हें सारें घोड्यास खोगिरांतून कळतें; आणि जेथें स्वारच भ्याला आहे तेथें पुढें कांहीं तरी भयंकर असलें पाहिजे, असें त्यानें मानलें तर त्यांत त्याचा हट्ट कोठें आला? अशा वेळीं मारलेला चाबूक त्याच्या भयाला पुरावा जोडून देतो, एवढेंच.

आतां दुसरें उदाहरण पाहा. हाल्ला ही १९४५ सालीं जर्मनींत जन्मलेली घोडी. तिच्या आईच्या वंशावळीचा धड पत्ता नव्हता. तिला शर्यतींत घालून पाहिलें, इतर स्पर्धांसाठीं तयार करून पाहिलें, आणि ही फार अवघड म्हणून जाणत्यांनीं नाद सोडला. १९५१ च्या सुमारास ती हान्स गुंटर विंकलर ह्यांच्या हातीं आली. त्यांनीं तिच्यापाशीं धीर धरला, आणि १९५४ सालीं तिच्याच पाठीवर जगज्जेतेपद मिळविलें. जून १९५६ मध्यें ऑलिंपिकच्या अश्वस्पर्धा स्टॉकहोम येथें झाल्या. कारण बाकीचे सामने मेलबर्नला असले तरी परक्या घोड्यांविषयींचे ऑस्ट्रेलियाचे नियम फार कडक होते. तेथें पहिल्या फेरीच्या अखेरीस विंकलर ह्यांच्या जांघेचा स्नायु फाटला. दुसऱ्या फेरींत उडीगणिक ते कळवळून ओरडत होते. घोडीस हांकणें तर दूरच, नुसतें बसून राहणेंही कठीण. तरीही हाल्लानें एकही अडथळा न पाडतां फेरी पुरी केली. वैयक्तिक आणि सांघिक अशीं दोन्ही सुवर्णपदकें त्यांस मिळालीं.

घोडीनें धन्याचें दुःख ओळखून उपकार फेडले, असें ही कथा सांगणारे सांगतात. आम्हीं घोडीच्या अंतःकरणांत शिरून पाहिलेलें नाहीं, म्हणून तसें म्हणणार नाहीं. पण इतकें खास कीं, ती फेरी त्या दिवशीं झालीच नाहीं. ती आधींच्या पांच वर्षांत झाली होती. कोणी म्हणेल, ह्याला प्रेम कशाला म्हणतां, ही केवळ संवय. बरें, संवय म्हणा. पण जी संवय दोघांनीं मिळून रोज उठून लावून घेतली, तिला नातें म्हणण्यास हरकत कोणती? आमच्याकडे शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई आणि बारगिरास सरकारी पागेंतला मिळे. पण २० मिनिटांचा बारगीर आम्हीं कधीं ऐकला नाहीं.

आमच्याविरुद्ध जाणारी एक गोष्टही आम्ही लपवीत नाहीं. वॅलेग्रो घोड्यावर २०१२ व २०१६ सालीं ऑलिंपिक सुवर्णपदकें मिळविणाऱ्या इंग्लंडच्या शार्लट डुजार्डिन ह्यांच्या नात्याचे गोडवे जगानें गाइले. त्याच बाई एका शिकवणीच्या वेळीं दुसऱ्याच घोड्याच्या पायांवर पुनःपुन्हां चाबूक मारीत असल्याचें जुनें चित्रण २०२४ सालीं बाहेर आलें; त्यांनीं पॅरिसच्या सामन्यांतून माघार घेतली, आणि त्यांस एक वर्षाची बंदी झाली. तात्पर्य, एका घोड्याशीं जुळलेलें नातें दुसऱ्या घोड्यापाशीं उसनें नेतां येत नाहीं. तें प्रत्येकापाशीं नव्यानेंच मिळवावें लागतें. ही गोष्ट आमचें म्हणणें खोडीत नाहीं, बळकटच करते.

असो. टोकियोच्या बोभाट्यानंतर त्या खेळाच्या मंडळानें काय केलें? नोव्हेंबर २०२१ मध्यें घोड्यासच खेळांतून काढण्याचें ठरविलें. पॅरिस येथें २०२४ सालीं तो शेवटचा दिसला, आणि पुढें त्याच्या जागीं माणसानें स्वतः अडथळे ओलांडण्याची धांव आली. घोड्याचे हाल टळले, हें चांगलेंच झालें; तें आम्ही नाकारीत नाहीं. पण स्पर्धकांस वर्षभर आधीं घोडे द्या, अडलेल्या घोड्यास त्या दिवसापुरता विसांवा द्या, हा उपाय मागें पडला, आणि जो मुका होता तोच घराबाहेर गेला. १९१२ पासून चालत आलेल्या खेळानें न फिरविलेल्या घोड्याचें खापर अखेर घोड्याच्याच माथीं फोडलें.

आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांस घोड्यावर बसण्याचा प्रसंग येईल. पण 'अडेल' हा शब्द आपल्या घरोघर रोज उच्चारला जातो. कधीं मुलाविषयीं, कधीं नव्या सुनेविषयीं, कधीं घरांतल्या गड्याविषयीं. तो तोंडांतून निघण्यापूर्वीं त्या माणसास आपण किती मिनिटें दिलीं, एवढें ज्यानें त्यानें मनाशीं मोजावें.