उतरत्या भावाचे खडे

जुना दागिना मोडीत द्यायला सराफाकडे नेला, की तो आधी खडे काढतो. चिमट्याने एकेक खडा निघतो, कागदाच्या पुडीत बांधून आपल्या हातात परत येतो आणि मग उरलेलं सोनं काट्यावर चढतं. आमच्या घरी कपाटाच्या खणात अशा पुड्या पडून असत. आजीच्या अंगठीतले खडे कुठले, आत्याच्या कानातले कुठले, हे कुणालाच सांगता येत नसे. ती माणकं होती, गार्नेट होती की रंगीत काच, हेही कधी कुणी विचारलं नाही. मोडीत त्यांना भाव नव्हता, म्हणून घरातही नव्हता. ‘खड्याचा दागिना म्हणजे तोटा’ हे आई, मावशी, सासूबाई सगळ्यांनी मला वेगवेगळ्या वेळी, पण अगदी याच शब्दांत सांगितलं आहे.

खड्याला मान मिळायचा तो पत्रिकेमुळे. गुरूसाठी पुष्कराज, मंगळासाठी पोवळं, राहूसाठी गोमेद. किती रत्तीचा, कुठल्या बोटात, कुठल्या वारी घालायचा, हे सगळं काटेकोर ठरलेलं. पण तो खडा कुठल्या डोंगरातून निघाला, त्याला तो रंग कशाने आला, त्याला पैलू कुणी पाडले, हे विचारायची गरजच कुणाला वाटत नसे.

हे सगळं विचारायला मला शिकवलं एका टीव्ही वाहिनीने, आणि तेही इंग्लंडमध्ये.

आम्ही तेव्हा बर्मिंगहॅमला राहत होतो. नवरा रुग्णालयात डॉक्टर, त्याच्या रात्रपाळ्या लागलेल्या. हिवाळ्यात तिथे चार वाजताच अंधार पडतो, आणि आठनंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. वाहिन्या बदलता बदलता मला ‘जेम्स टीव्ही’ सापडली. २००४मध्ये सुरू झालेली ही वाहिनी चोवीस तास फक्त रत्नांचे दागिने विकायची. आणि तिचा स्टुडिओ होता रेडिचला, आमच्यापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. एके काळी जगातल्या बहुतेक सुया या रेडिच गावात तयार होत. सुयांचे कारखाने गेले, त्यांचं संग्रहालय झालं, आणि त्याच गावातून आता थायलंडच्या चंताबुरीत घडवलेल्या अंगठ्या इंग्लंडभर विकल्या जात होत्या. चंताबुरी हे माणिक-नीलमांच्या व्यापाराचं जुनं गाव. तिथल्या एका गल्लीत आठवड्याच्या शेवटी व्यापारी टेबलं मांडून बसतात आणि दलाल पुड्या घेऊन त्यांच्यासमोर येतात, हेही मला त्या वाहिनीवरच कळलं.

विक्रीची रीत उलट्या लिलावाची होती. अंगठी पडद्यावर यायची तेव्हा किंमत समजा चारशे पौंड. मग ती उतरू लागायची. तीनशे, अडीचशे, एकशे ऐंशी. कोपऱ्यात किती नग उरले तो आकडाही कमी होत जायचा. फोन उचलायला उशीर केला तर अंगठी जायची, घाई केली तर आणखी उतरला असता तो भाव हुकायचा. पण मी तिथे खिळून बसायचे ती त्या उतरत्या आकड्यांसाठी नव्हे. किंमत उतरत असताना निवेदिका जे बोलायची, त्यासाठी.

टांझानाइट मी तिच्याकडून शिकले. जगात हा खडा एकाच ठिकाणी सापडतो: टांझानियात, किलिमांजारोच्या पायथ्याच्या मेरेलानी टेकड्यांत, काही किलोमीटरच्या एवढ्याशा पट्ट्यात. १९६७मध्ये तो सापडला आणि पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कच्या टिफनी कंपनीने त्याला देशाचं नाव देऊन बाजारात आणलं. बहुतेक खडे जमिनीतून तपकिरी निघतात. पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवले, की तो तपकिरीपणा जातो आणि आतल्या वनेडियमचा निळा-जांभळा रंग उघडा पडतो. निवेदिका अंगठी बोटांत धरून सावकाश फिरवायची. एका बाजूने निळा, दुसऱ्या बाजूने जांभळा. “कॅमेरा जवळ घे,” असं ती म्हणायची आणि पडदाभर तो रंग पसरायचा. नखाएवढी वस्तू इतक्या जवळून, इतका वेळ, कुणाची घाई नसताना बघायला मिळणं हे मी आधी कधी अनुभवलं नव्हतं. पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या दुकानात मागे चार बायका उभ्या असतात आणि समोरचा माणूस दुसरा ट्रे काढायच्या तयारीत असतो.

मी घेतलेला पहिला खडा टांझानाइटच. आईला फोनवर सांगितलं, तर ती घाबरलीच.

“निळा खडा? अगं, पत्रिका दाखवलीस का कुणाला?”

“आई, हा नीलम नाहीये. वेगळाच खडा आहे.”

“असू दे वेगळा. तीन रात्री उशाखाली ठेव. वाईट स्वप्नं पडली तर परत करून टाक.”

आणि गंमत म्हणजे परत करायची सोय खरोखरच होती. दुकानात न जाता केलेल्या खरेदीसाठी ब्रिटनने २००० साली कायदा केला होता. माल हातात पडल्यापासून कामाच्या सात दिवसांत कारण न देता तो परत पाठवता येई. आपल्याकडेही नीलम घेताना रत्नांचे व्यापारी काही दिवस वापरून बघायची मुभा देतात. आईच्या मनात तीच रीत होती. मी खडा खरंच उशाखाली ठेवला, तिच्या समाधानासाठी. अंगठी आजही माझ्या बोटात आहे.

शेजारी एक वयस्क बाई राहायच्या. नवरा वारलेला, मुलगी ऑस्ट्रेलियात. त्यांच्याकडे कुन्झाइटचं पदक होतं, फिकट गुलाबी, त्याच वाहिनीवर घेतलेलं. “हा संध्याकाळचा खडा आहे, उन्हात रंग उडतो त्याचा,” असं त्यांनी मला सांगितलं, आणि ते खरंच आहे. जॉर्ज कुन्झ या अमेरिकी रत्नतज्ज्ञाच्या नावावरून त्याला नाव मिळालं, हेही त्यांना पाठ होतं. आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केलेली ही बाई. सव्होराइट गार्नेट केनियातल्या कुठल्या अभयारण्याच्या नावाने ओळखलं जातं, तुर्कस्तानातल्या डोंगरातला झुल्टनाइट दिवसा हिरवट आणि दिव्याखाली गुलाबीसर का दिसतो, हे त्या चहा पिता पिता सांगायच्या. मला त्या वाहिनीचं सगळ्यात मोठं मोल इथे वाटतं. ज्या बाईने लंडनच्या बाँड स्ट्रीटवरच्या सराफाचं दार कधी ढकललं नसतं, तिला वाहिनीने रत्नपारखी केलं. आणि ते ज्ञान देताना तिला कमी लेखलं नाही.

आम्ही दोघी मिळून लंडनचा टॉवर बघायला गेलो. तिथे ठेवलेल्या ब्रिटनच्या राजमुकुटात समोरच एक मोठा लाल खडा आहे, ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ म्हणून प्रसिद्ध असलेला. तो माणिक नाही, स्पिनेल आहे. शतकानुशतकं राजे-महाराजे स्पिनेललाच माणिक समजत आले होते. मुघलांच्या खजिन्यातले नावं कोरलेले मोठे लाल खडेही बहुतेक स्पिनेलच. हे आम्हा दोघींना आधीच ठाऊक होतं. रांगेत पुढे सरकताना शेजारणीने माझा हात दाबला. आजूबाजूला सगळे शेजारच्या हिऱ्याकडे बघत होते.

वाहिनीवरच्या दागिन्यांतलं सोनं मात्र नऊ कॅरटचं. इथे माझ्यातली मराठी बाई अडून बसायची. हजारातले तीनशे पंचाहत्तर भागच सोनं, हे काय सोनं झालं? पण ब्रिटनमध्ये नऊ कॅरटचा दागिना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, आणि त्यावर सरकारमान्य शिक्का असतोच. लंडनचा बिबट्याचा चेहरा, शेफील्डचा गुलाब, एडिनबर्गचा किल्ला. बर्मिंगहॅमला समुद्र नाही, तरी त्याच्या शिक्क्यावर नांगर आहे. माझ्या अंगठीच्या आत तो नांगर आहे आणि तो बघून त्या शहराविषयी मला अजून माया वाटते. २०२५च्या जुलैपासून आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही नऊ कॅरटच्या दागिन्यांना हॉलमार्क लागू केला, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. बावीस कॅरटचं सोनं मऊ, बारीक खड्याला पकडून ठेवायला कमी कॅरटचंच बरं. शिवाय सोन्याचा खर्च कमी झाला, की खड्यावर पैसे घालायला हात मोकळा होतो.

या वाहिन्यांचं सगळंच चोख होतं असं मी म्हणणार नाही. त्याच दशकात अँडेसिन नावाचा लाल खडा टीव्हीवरून भरपूर विकला गेला. तिबेटचा, काँगोचा, नैसर्गिक लाल, असं सांगितलं जात होतं. २००८च्या सुमारास प्रयोगशाळांनी दाखवून दिलं, की फिकट फेल्डस्पारमध्ये तांबं मुरवून तो रंग आणलेला आहे. ज्या बायकांनी निवेदकांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता त्यांचा तो विश्वासघात होता, आणि अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेलं ते योग्यच झालं. उतरत्या किमतीचं गारूडही साधं नव्हे. एकटेपणात रात्री फोन उचलणारी माणसं असतात, आणि कोपऱ्यातला तो कमी होणारा आकडा त्यांच्यावर हुकमी चालतो. माझ्या शेजारणीच्या कपाटात न उघडलेल्या डब्या होत्या. त्या मी पाहिल्या आहेत.

मुळात टीव्हीवरच्या दुकानदारीचा जन्मच अडचणीतून झालेला. १९७७मध्ये फ्लॉरिडातल्या क्लिअरवॉटरच्या एका रेडिओ केंद्राला जाहिरातदाराने पैशांऐवजी डबे उघडायची ११२ यंत्रं दिली, आणि निवेदकाने ती हवेवरून विकून टाकली. त्यातून होम शॉपिंग नेटवर्क उभं राहिलं. १९८६मध्ये पेन्सिल्व्हेनियात क्यूव्हीसी आली. दागिने हा या सगळ्यांचा हुकमी माल.

रत्नांच्या वाहिन्यांचा तो बहर ओसरला याचं मोठं कारण सोनंच. २००५मध्ये औंसाला साडेचारशे डॉलरच्या आसपास असलेलं सोनं २०११च्या सप्टेंबरमध्ये एकोणीसशेच्या वर गेलं. मधल्या काळात मंदी आली. सत्तर-ऐंशी पौंडांत खऱ्या सोन्यातला खरा खडा देणं कुणालाच परवडेना. जेम्स टीव्हीची अमेरिकेतली वाहिनी २०१०मध्ये बंद पडली. ज्या उरल्या त्या चांदीकडे वळल्या, मग इंटरनेटकडे. आता खडे मोबाइलवर दिसतात, फोटो तेव्हापेक्षा कितीतरी स्पष्ट. फोटोखाली वजन, माप, किंमत. पण कुणी बोलत नाही. तासभर एकाच खाणीबद्दल बोलणारं, मध्येच खडा उचलून दिव्याखाली धरणारं, ‘अहो, हा कोपऱ्यातला डाग बघा, हा दोष नाही, याच्यावरून हा खडा कुठला ते ओळखू येतं’ असं सांगणारं माणूस त्यात नाही. मला हुरहूर आहे ती या बोलण्याची.

या व्यवहारात आपला देश फार मोठा भागीदार होता, हे मला बरंच उशिरा समजलं. २००६मध्ये ब्रिटनमध्ये ‘द ज्युवेलरी चॅनल’ सुरू झाली ती जयपूरच्या वैभव ग्लोबल या कंपनीची. अमेरिकेत टेक्सासच्या ऑस्टिनमधून तिचीच दुसरी वाहिनी चालली. मेरेलानीतून निघालेला टांझानाइट मोठ्या प्रमाणावर पैलू पाडायला जयपूरलाच येतो. म्हणजे माझ्या बोटातला खडा आफ्रिकेतून निघून बहुधा राजस्थानातल्या एखाद्या कारागिराच्या चाकावर घासला गेला असेल. तिथून तो थायलंडमार्गे इंग्लंडला गेला आणि माझ्याबरोबर पुण्याला आला. त्या कारागिराचं नाव मात्र कुठल्याच वाहिनीने कधी सांगितलं नाही. खाणीचं नाव सांगत, पैलूच्या प्रकाराचं सांगत, त्याचं राहून गेलं.

परत आल्यावर इथेही टीव्हीवरची दुकानं पाहिली. २००८मध्ये होमशॉप१८ आली होती, नंतर नापतोल वगैरे. दागिने तिथेही विकले जायचे, पण सेट म्हणून. हार, कानातलं, बांगड्या, वर एक वस्तू फुकट. मी जेवढं पाहिलं त्यात खड्याचं नाव क्वचितच निघे, आणि निघालंच तर राशीबरोबर.

असं होऊ नये इतका ऐवज आपल्या पायाखाली आहे. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हन्साइट सापडतं. इतकं निळंभोर, की पहिल्यांदा बघणाऱ्याला ते रंगवलेलं वाटतं. जगभरचे संग्राहक त्यासाठी वाघोलीचं नाव घेतात. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत हिरवं अपोफिलाइट मिळतं, जळगाव-नाशिककडे स्टिल्बाइटचे गुच्छ मिळतात. ही खनिजं मऊ, अंगठीत टिकायची नाहीत. पण सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ती काचेमागे बघताना मी भाचीला त्या रेडिचच्या निवेदिकेसारखंच समजावत होते: कुठून आलं, रंग कशाने आला, दिवा इकडून धरला तर काय दिसतं. बाजूची दोन कुटुंबं थांबून ऐकू लागली. एका आजोबांनी विचारलं, “ताई, हे आमच्या विहिरीच्या खोदाईत निघालेलं, आम्ही बांधावर टाकलं. तेच का हे?” तेच होतं. मराठीत कुणी आठवड्यातून एक तास असा खड्यांवर बोलत बसणार असेल, काही विकलं नाही तरी चालेल, तर त्याने मला जरूर कळवावं. मी त्यात काम करायलाही तयार आहे.